सुट्टीनंतर लॅबमधले चार कॉम्प्युटर उठेनात : फॉर्मॅट मारायच्या आधी एवढं बघा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधल्या सरांचा प्रश्न आहे. लॅबमध्ये दहा जुने कॉम्प्युटर, बहुतेक कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, सगळ्यांवर लिनक्स मिंट. एप्रिलमध्ये सुट्टी लागली तेव्हा दहाही चालत होते. शाळा उघडल्यावर लॅबचं कुलूप काढलं तर सहा चालू, चार बंद. एक नुसता बीप-बीप करतोय. दुसऱ्यात पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच. तिसरा ‘इनिटरॅमएफएस’ असं लिहून थांबतो आणि चौथा ‘ग्रब रेस्क्यू’ वर उभा आहे. गावातला एक मुलगा म्हणतोय, लिनक्स उडालंय, पेनड्राइव्हवरून चारही नव्यानं भरूया. भरू का, आणि भरायचंच तर नवीन आवृत्ती कुठली घेऊ?

सर, भरू नका. निदान कारण कळेपर्यंत तरी नको.

तुम्ही सांगितलेल्या चार तक्रारींपैकी पहिल्या दोन ठिकाणी गाडी बहुधा लिनक्सपर्यंत पोचलेलीच नाही. बीप करणारा कॉम्प्युटर हार्डडिस्ककडे बघायच्याही आधी थांबलाय. त्यावर लिनक्स असो, विंडोज असो की काहीच नसो, तो तसाच वाजणार. कॉम्प्युटर चालू होताना क्रम ठरलेला असतो: आधी वीज, मग बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम, रॅम आणि स्क्रीन तपासतो, मग डिस्क शोधतो, डिस्कवरचा ग्रब, म्हणजे लिनक्स उठवून देणारा छोटा प्रोग्राम, उठतो, ग्रब कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि त्याच्याबरोबरचं छोटं गाठोडं, म्हणजे इनिटरॅमएफएस, मेमरीत चढवतो, आणि ते गाठोडं खरी डिस्क शोधून तिच्यावरची सिस्टिम उघडतं. गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली ते कळलं की निम्मं काम झालं. नव्यानं भरण्यात नेमका हाच पुरावा पुसला जातो.

हे मी पोटतिडकीनं सांगतोय कारण मी स्वतः ही चूक केलीय. निपाणीकडच्या एका तंबाखूच्या वखारीतला हिशेबाचा कॉम्प्युटर उठत नव्हता. मी घाईनं फॉर्मॅट मारला, सगळं नव्यानं भरलं, आणि आठ दिवसांत तो पुन्हा तसाच बंद पडला. दोष हार्डडिस्कच्या केबलमध्ये होता. केबल बदलल्यावर कॉम्प्युटर चालला, पण वखारीच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून मी आधी स्क्रीनचा फोटो काढतो, मग पेचकस हातात घेतो.

आता तुमच्या लॅबकडे येऊ. चार कॉम्प्युटर एकाच सुट्टीत, चार वेगवेगळ्या तऱ्हेनं बिघडतात तेव्हा मी आधी चौघांना मिळून एकच काय झालं ते विचारतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वळीव येतो, विजा पडतात, म्हणून शाळेत मेन स्विच खाली पाडून ठेवतात. ते बरोबरच आहे. पण कॉम्प्युटर बंद असला तरी प्लगला लाईट असेल तर एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या विजेच्या डब्यातून, बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळत राहतो आणि बोर्डावरचा गोल सेल जवळजवळ खर्चच होत नाही. मेन बंद झाला की घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग्ज यांचा सगळा भार त्या एका नाण्याएवढ्या सेलवर येतो. दहा-बारा वर्षांचा सेल दोन महिने तग धरत नाही. तो संपला की बायोस सगळं विसरतो आणि कारखान्यातल्या सेटिंगवर जातो. वर्षभर चाललेली लॅब सुट्टीनंतरच का बिघडते याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

सेल संपल्याची खूण सोपी आहे. चालू करताना ‘सीमॉस चेकसम एरर’ असं येतं किंवा एफ१ दाबायला सांगतो, आणि बायोसमधलं घड्याळ दहा-पंधरा वर्षं मागं गेलेलं असतं. जे सहा चालू आहेत त्यांचीही तारीख बघा. तारीख मागं असेल तर इंटरनेटवर सुरक्षित साईट उघडत नाहीत, कारण प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही असं ब्राउझरला वाटतं. अपडेटही त्याच कारणानं अडतं. मुलं म्हणतात नेट चालत नाही, आणि आपण वायर तपासत बसतो.

सेल सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. दहाच्या दहा बदला, चालू असलेल्यांचेसुद्धा. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, केसच्या पत्र्याला हात लावा, मग क्लिप बाजूला सारून सेल काढा. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा. नवा ३ च्या थोडा वरच दाखवतो, २.८ च्या खाली गेलेला मी ठेवत नाही.

सेल बदलून भागत नाही, विसरलेल्या सेटिंग्ज परत द्याव्या लागतात. चालू असलेल्या सहांपैकी त्याच मॉडेलचा, घड्याळ बरोबर असलेला एखादा निवडा. घड्याळ बरोबर म्हणजे त्याचा बायोस काही विसरलेला नाही. मग त्याचा सेल बदलायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घ्या. बंद पडलेल्या चारांत तेच भरा: तारीख-वेळ, साटाचा (हार्डडिस्क बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाचा) मोड, कुठल्या डिस्कवरून आधी उठायचं तो क्रम, आणि स्क्रीन कुठून दाखवायची ते. या चार गोष्टी नीट झाल्या की चारांपैकी दोन तरी तिथल्या तिथं उठतील असा माझा अंदाज आहे.

बीप करणाऱ्याचं मात्र निराळं. खानापूरकडची पावसाळी हवा तुम्हाला मी सांगायला नको. बंद खोलीत पितळी पट्ट्यांवर सुद्धा थर चढतो. रॅमची पट्टी काढा, तिच्या सोनेरी दातांवरून साधा खोडरबर हलकेच फिरवा, कापडानं पुसा, खाचेतली धूळ ब्रशनं काढा, आणि दोन्हीकडचे चिमटे टक्क करून बसेपर्यंत पट्टी दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, खाचही बदलून बघा. एवढ्यानं बीप थांबली तरी लगेच हुश्श करू नका. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी बाद. खराब रॅमवर लिनक्स भरायला गेलं तर ते दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडतं आणि लोक पेनड्राइव्हला दोष देत राहतात. केस उघडलीच आहे तर बोर्डावरचे कपॅसिटरही बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलं असेल तर त्या बोर्डावर जास्त वेळ घालवू नका, त्याचे चांगले भाग बाकीच्यांना वापरा.

काळ्या स्क्रीनच्या कॉम्प्युटरला एकच प्रश्न विचारा: चालू केल्याबरोबर कंपनीचं चिन्ह किंवा बायोसची अक्षरं तरी दिसतात का? अजिबात काही दिसत नसेल तर मागं बघा, मॉनिटरची वायर लावायला दोन जागा आहेत का. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या बोर्डात बायोस सगळं विसरला की कधीकधी चित्र बोर्डावरच्या जागेतून पाठवायला लागतो, आणि आपली वायर कार्डाला. वायर बदलून लावा, चित्र आलं तर बायोसमध्ये ‘आधी कुठली स्क्रीन’ ते सेटिंग पूर्ववत करा. चिन्ह दिसतं, ग्रबही दिसतो आणि त्यानंतर अंधार, असं असेल तर मात्र तो लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा प्रश्न आहे. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर जिवंत आहे, फक्त चित्र नाही. चालू करताना शिफ्ट दाबून धरलं की जुन्या बायोसवर ग्रबचा मेनू येतो. त्यात प्रगत पर्यायांमध्ये रिकव्हरी मोड असतो. तो साध्या ग्राफिक्सवर उठतो. तिथून उठला तर दोष कुठं आहे ते पक्कं झालं. मग ग्रबच्या कर्नल चढवणाऱ्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा एक जोडशब्द कायमचा घालायचा. जुन्या एनव्हिडिया कार्डांवर हा उपाय मी खूप ठिकाणी केलाय. चित्राचा वेग थोडा घटतो, पण टायपिंग, चित्रकला, ब्राउझर एवढं चालतं. कार्ड काढून बोर्डावरच्या इंटेल ग्राफिक्सवर चालत असेल तर ते त्याहून उत्तम.

आता तिसरा. इथं जरा थांबून वाचा, कारण मुलांचं काम, प्रश्नपत्रिका, जे काही असेल ते या डिस्कवर आहे.

‘इनिटरॅमएफएस’ हे दोषाचं नाव नव्हे. ते छोटं गाठोडं खरी डिस्क उघडू शकलं नाही आणि आता तुमच्या हुकमाची वाट बघतंय, एवढाच त्याचा अर्थ. का उघडू शकलं नाही ते त्याच्या वरच्या ओळींत लिहिलेलं असतं. ओळी वर सरकून गेल्या असतील तर ‘एक्झिट’ टाइप करून एंटर दाबा, बहुतेक वेळा तो कारण पुन्हा सांगतो. ते दोन प्रकारचं असतं आणि दोघांचे उपाय अगदी वेगळे.

पहिला प्रकार: डिस्क सापडली, पण तिच्यावरची फाइल सिस्टिम हातानं तपासावी लागेल. त्या ओळीत ‘मॅन्युअल एफएससीके’ असे शब्द असतात. लाईट अचानक गेल्यानं हे होतं. आणि घड्याळ मागं गेल्यानंही होऊ शकतं: डिस्कवर शेवटची नोंद यंदाच्या एप्रिलची, कॉम्प्युटरच्या मते आज २००९ साल, म्हणजे डिस्क भविष्यात वापरली गेलीय असं त्याला दिसतं आणि तो तपासणीचा आग्रह धरतो. म्हणून सेल आणि तारीख आधी, तपासणी नंतर.

पण तपासणीच्याही आधी डिस्कची तब्येत बघा. मिंटच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर उठवा. नुसता उठवायचा, भरायचा नाही. मेनूत ‘डिस्क्स’ नावाचं ॲप आहे, त्यात हार्डडिस्क निवडून स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची, माहिती उघडा. तीन आकडे बघायचे. रीअलोकेटेड सेक्टर म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा, करंट पेंडिंग सेक्टर म्हणजे वाचता न येणाऱ्या, लटकलेल्या जागा, आणि सीआरसी एरर म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या केबलमधली गडबड. पेंडिंग शून्य नसेल तर त्या डिस्कवर दुरुस्ती चालवू नका. दुरुस्ती म्हणजे लिहिणं, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलेलंही घालवणं. आधी पेनड्राइव्हच्या त्याच सिस्टिममधून मुलांच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. फक्त सीआरसीचा आकडा वाढत असेल तर डिस्क बिचारी निर्दोष, साटाची केबल बदला. जुना आकडा पुसला जात नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो पुढं वाढतो का एवढंच बघायचं.

डिस्क निरोगी असेल तर पुन्हा त्या इनिटरॅमएफएसवर या. एफएससीके, मग जागा सोडून डॅश वाय, मग जागा सोडून त्या ओळीत दिलेलं विभागाचं (पार्टिशनचं) नाव जसंच्या तसं, म्हणजे स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए१ असं काहीतरी, इंग्रजी लहान अक्षरांत. मोठ्या डिस्कला वेळ लागतो, मधे बंद करू नका. संपल्यावर ‘एक्झिट’.

दुसरा प्रकार: डिस्कच सापडली नाही, वाट बघून थकलो, असं तो सांगतो. ओळीत ‘गेव्ह अप वेटिंग’ असे शब्द असतील. इथं वरची तपासणी चालवून काहीच उपयोग नाही. आधी बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का बघा. दिसत नसेल तर डेटाची आणि विजेची, दोन्ही केबल काढून परत बसवा, शक्य असेल तर दुसऱ्या चालू कॉम्प्युटरची लावून बघा. बायोसला दिसते पण लिनक्सला नाही, असं असेल तर साटाचा मोड. बायोस विसरल्यावर तो एएचसीआयवरून आयडीई किंवा रेडवर जाऊ शकतो. विंडोज अशा बदलानं निळी स्क्रीन दाखवतं. लिनक्स मात्र बहुतेक वेळा निभावून नेतं, कारण त्याच्या गाठोड्यात दोन्हीकडचे ड्रायव्हर असतात. पण जागा वाचवायला कुणी ते गाठोडं त्या यंत्रापुरतं छाटलेलं असेल तर नाही निभत. मोड पूर्ववत केला की दहा सेकंदांत प्रश्न मिटतो. सगळं ठीक असून एखादी म्हातारी डिस्क फिरायलाच वेळ घेत असेल तर ग्रबच्या ओळीत ‘रूटडिले’ बरोबर ३० घालून तिला अर्धा मिनिट द्या. आणि अशी डिस्क फार दिवस ठेवू नका.

चौथा, ग्रब रेस्क्यूवाला. मला तुम्हाला एक विचारायचंय: त्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्डडिस्क आहेत का? देणगीत आलेल्या यंत्रांत मी हे फार बघितलंय. आधीच्या मालकाची ८० जीबीची जुनी डिस्क आतच राहू दिलेली असते, जागा मिळते म्हणून. त्या डिस्कवर कधीकाळचा ग्रब असतो, पण त्याची सिस्टिम केव्हाच पुसलेली असते. बायोसमधला क्रम विसरला गेला की कॉम्प्युटर त्या जुन्या डिस्कवरून उठायला जातो, ग्रब जागा होतो, आपलं घर शोधतो, सापडत नाही, आणि ‘नो सच पार्टिशन’ म्हणून रेस्क्यूवर थांबतो. तुमचं मिंट दुसऱ्या डिस्कवर सुखरूप असतं. हार्डडिस्कचा क्रम बदला, किंवा जुन्या डिस्कची केबल काढून बघा. याच अवस्थेत नव्यानं भरणारा माणूस घाईत भलतीच डिस्क निवडतो आणि चांगली सिस्टिम पुसून टाकतो.

एकच डिस्क असेल तर पेनड्राइव्हवरून उठून ‘बूट रिपेअर’ चालवा, मिंटच्या पेनड्राइव्हवर ते असतंच. ते ग्रब परत बसवतं, तुमच्या फाइल्सना हात लावत नाही. पण इथंही डिस्कची तब्येत आधी. ग्रब आपोआप बिघडत नाही. एक तर कुणी विभाग हलवलेला असतो, नाहीतर डिस्कचा तो भाग वाचता येत नसतो.

पेनड्राइव्हबद्दल एवढंच: त्या काळातले बरेच बायोस पेनड्राइव्हला वेगळी न धरता हार्डडिस्कांच्याच यादीत टाकतात. यादी उघडून तिथं ती वर आणावी लागते. त्या वेळीच ग्रब चुकून पेनड्राइव्हवर बसला तर कॉम्प्युटर फक्त पेनड्राइव्ह लावल्यावर उठतो. त्या मुलाच्या हातून आधी कधी असं झालंय का विचारून घ्या.

आवृत्तीचं म्हणाल तर कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, त्याला आजही चांगले पर्याय आहेत. मिंट २२ ला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर बरं. त्याचं एक्सएफसीई हे हलकं रूप वापरा. दोन कॉम्प्युटरच्या पट्ट्या एकात घालून चारऐवजी तीन चांगले कॉम्प्युटर मिळत असतील तर मी तेच करेन. डेबियन हे दुसरं लिनक्स, त्याची १३ वी आवृत्ती सुद्धा या प्रोसेसरवर चालते. रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सच्या ९ पासूनच्या आवृत्त्या मात्र नाही चालणार, त्यांना एसएसई ४.२ वगैरे सूचना असलेला पुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. दहात एखादा खरोखर ३२ बिटचा, जुना पेंटियम ४ वगैरे निघाला तर मिंट ज्याच्यावर उभं आहे त्या उबुंटूनं २०१७ मध्येच तशी डेस्कटॉप आवृत्ती देणं थांबवलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. त्याला डेबियन १२ घाला, त्याला जून २०२८ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत.

पण जे चालतंय त्यावर हे एवढ्यात करू नका. तुमच्या मुलांना मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करावं लागतं. दोन्ही इनस्क्रिप्ट कीबोर्ड, फाँट, छपाईची जुळणी हे प्रत्येक कॉम्प्युटरवर बसवायला कुणीतरी पूर्वी दिवस घालवलाय. फॉर्मॅटमध्ये तेही जातं आणि पुन्हा सगळं कोण करणार हा प्रश्न तुमच्यावर येतो. एक कॉम्प्युटर आधी नीट करा, त्यावर दोन्ही भाषा टाइप करून, प्रिंट काढून बघा, मग त्याचीच प्रत बाकीच्यांवर उतरवता येते.

शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, तेव्हा सेल आणि रॅम उरकून घ्या. त्यानंतरही तिसरा अडलाच तर इनिटरॅमएफएसच्या वरच्या दहा ओळी स्पष्ट दिसतील असा फोटो पाठवा, आणि स्मार्टच्या त्या तीन आकड्यांचाही. तोवर त्या डिस्कवर कुणी काही भरणार नाही एवढं बघा.